भुलीतही जागी

१० नोव्हेंबर

मधलं सगळंच आठवतंय म्हणाली! इतक्या साधेपणानं म्हणाली की मला आधी कळलंच नाही.

नीट लिहिते. नागेंद्र सरांचा नव्या झोपेच्या औषधावर अभ्यास चाललाय, त्यात माझं काम एवढंच — ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन विचारायचं. झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावरचं पहिलं काय? आणि मधलं काही? सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. मास्क लावला, मग सिस्टर हाका मारत होत्या. मधलं काही नाही. भूल म्हणजे दुसरं काय असतं? मी पेन बंद करून पुढच्या कॉटकडे निघाले होते.

मनुबाई नाव. कणकुंबीच्या अलीकडच्या वाडीवरची, पन्नाशीची. पित्तात खडे, काल दुर्बिणीतून काढले. पांघरूण पायापाशी लोटून ताठ बसलेली.

"मदलं? मदलं सगळंच की वो बाई. डोळं उगडंनात. बोट हलंना. आरडायला गेले तर त्वांडच न्हाय मला! मग पोटात वारं भरलं. असं फुगलं, असं फुगलं, म्हटलं आता फुटतंय. तवा एकजण म्हणला — मावशीला कितवा म्हयना? समदी हसली."

मी पेन पुन्हा उघडलं.

"मला लेकरू न्हाय वो," म्हणाली.

तिचा नवरा, गुंडू, स्टुलावर बसलेला. "कालधरनं हेच बडबडतीया," म्हणाला. लाजला बिचारा.

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "मला वाटलं, मी मेले. मेल्यावर बी ऐकू येतंय म्हणायचं."

भुलीत आम्ही तीन औषधं देतो. एक झोपेचं, एक वेदनेचं, एक अंग लुळं पाडणारं. हिच्यात तिसरंच तेवढं चाललं! लुळी, मुकी आणि पूर्ण जागी. पुस्तकात वाचलेलं. हजारोंत एखाद्याला होतं म्हणून परीक्षेत लिहिलेलंही. समोर बसून कुणी सांगितलं नव्हतं.




११ नोव्हेंबर

सकाळीच सरांना गाठलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख. मला भूल द्यायला त्यांनी शिकवलं. खानापूरकडच्या शेतकरी घरातले, गावातले पहिले डॉक्टर. मणक्यात सुई घालताना पेशंटशी पेरणीचं बोलत राहायचे, आणि सुई गेलेली त्या माणसाला कळायचीही नाही. असा हात! म्हणून आधी त्यांच्याकडेच गेले.

"स्वप्न असतं गं ते," म्हणाले. "ह्या औषधात पडतात स्वप्नं. बाहेरदेशच्या संशोधनातही आलंय."

"सर, दुर्बीण घालायला आपण पोटात गॅस भरतो, तेही सांगतेय ती. विनोद सांगतेय."

"कुठला विनोद?"

सांगितला. सर चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली असेल.

"तिला अभ्यासातनं वगळ."

"कुठल्या कारणानं?"

"कारण मी बघतो. कॉन्फरन्स तोंडावर आलीय, पारमिता. एका म्हातारीच्या बडबडीनं सगळ्यांची मेहनत घालवू नको."

म्हातारी! सरांहून लहान असेल ती.

मग सूरजला विचारलं. सर्जन. मनुबाईचं ऑपरेशन त्यानंच केलं. क्षणभर चेहरा उतरला. मग हसला — "तू आत होतीस का? कुणी सांगितलं तुला?"

म्हणजे बोलला होता. स्वप्न नव्हतं.

म्हटलं, पेशंटनंच सांगितलं. तर म्हणतो, "अगं मग भूल तुमची कच्ची. माझा काय दोष? थिएटरमध्ये एवढं चालतंच."

शिसारी आली. त्याची, सरांची, त्या ढवळलेल्या चहाची.


१२ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. आईनं तिखटाचं आंबील केलं होतं, तेही नाही. काही विचारलं नाही तिनं. ताट झाकून ठेवलं.


१४ नोव्हेंबर

मनुबाई घरी गेली. जायच्या आधी सर वॉर्डात आले. एवढे मोठे डॉक्टर स्वतः कॉटपाशी आले म्हणून गुंडू उठून उभा राहिला, हात जोडून.

"आक्का," सर किती मऊ बोलले! "औषधाचा गुण असतो हो. खोटं खोटं ऐकू येतं. आठ दिवसांत जाईल. मनात धरू नका."

ती मान हलवत राहिली. गुंडूला हायसं वाटलं. "ऐकलंस न्हवं? डाक्टर काय खोटं सांगत्यात?"

सर गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा. "बाई, ह्योच आवाज हुता. हसण्यात न्हवता ह्यो. ह्यो म्हणत हुता — लवकर आटपा."

म्हटलं, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या बायकोला बिघडवतेय.

लवकर आटपा? का बरं? दुर्बिणीचं साधं ऑपरेशन. घाई कशाची होती?


१७ नोव्हेंबर

मेंदूच्या लहरी दाखवणारं यंत्र आहे आमच्याकडे. कपाळाला पट्टी लावायची, पेशंट किती खोल झोपलाय ते आकड्यात दिसतं. ह्या अभ्यासासाठीच आणलं. थिएटरच्या सिस्टर समतांना विचारलं, मनुबाईला पट्टी होती का?

"पट्ट्या सर धुऊन धुऊन वापरायला लावतात मॅडम. चिकटतच नाहीत. त्या दिवशी यंत्र बंदच होतं."

अभ्यासात मात्र लिहिलंय — प्रत्येक पेशंटला यंत्र लावलं. धुतलेल्या पट्ट्या! एकाच्या कपाळाचा घाम दुसऱ्याच्या कपाळाला.


२३ नोव्हेंबर

कॉन्फरन्स. शहरातलं मोठं हॉटेल, दारात फुलांची कमान, वक्त्यांना कुंद्याच्या मिठाईचे डबे. औषधविक्यांच्या टेबलांवर फुकटच्या पिशव्यांसाठी ही झुंबड. डॉक्टर म्हणवणारी माणसं!

एका हॉलमध्ये थांबलेलं हृदय चालू करायची कार्यशाळा. नवे पुतळे आलेत. छाती नीट दाबली तर हिरवा दिवा, कमी दाबली तर लाल. फार चांगली गोष्ट, खरंच. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात हवी. पण आमचे लोक काय करत होते? पुतळ्याच्या छातीवर हात ठेवून फोटो! एकानं तर पुतळ्याला गॉगल घातला. दिवा लालच होता, कुणी बघितलासुद्धा नाही.

एक व्याख्यान मात्र मनापासून ऐकलं. हैदराबादच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, भुलीत जाग आलेल्या पेशंटला वेदनेपेक्षा जास्त काय छळतं माहितेय? नंतर कुणी विश्वास ठेवत नाही, ते. त्याच दिवशी खरं सांगितलं, माफी मागितली, तर बरीचशी माणसं सावरतात. दडपलं तर वर्षानुवर्षं झोपत नाहीत. हॉल अर्धा रिकामा होता. जेवणाची वेळ झालेली.

दुपारी सरांचं भाषण. हॉल भरलेला. पडद्यावर एकेक चित्र. नवं औषध, लवकर जाग, कमी उलट्या. आणि मग — भुलीत जाग येण्याचं प्रमाण : शून्य.

मी उभी राहिले. माईक यायची वाटही बघितली नाही.

"सर, एकाही पेशंटला नाही?"

सरांनी मला बघितलं. डोळे तांबारलेले, पण आवाज तसाच मऊ. "एकाही नाही. आणि ह्या सगळ्या मुलाखती आमच्या डॉक्टर पारमितांनीच घेतल्यात. अत्यंत चोख काम. त्यांच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. सगळे वळून माझ्याकडे बघून हसत होते. माझं नाव पडद्यावर, सरांच्या नावाखाली.

माझ्याच नावानं माझं तोंड बंद केलं! टाळ्यांच्या आवाजात "एक बाई आहे" असं मी म्हणाले. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल. तोवर पुढच्या वक्त्याचा परिचय सुरू झाला.

घरी येऊन साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले.


२५ नोव्हेंबर

सरांना सांगितलं, माझं नाव काढा. मी हॉस्पिटलच्या नैतिक समितीकडे जाते.

हसले. "समितीत कोण आहे? चेअरमनसाहेबांचे मेहुणे. जा." मग एकदम चिडले. असं चिडताना कधी बघितलं नव्हतं. कपाळावर घाम, हात थरथरत होता. "तुला इथं कुणी आणलं? निपाणीहून आलीस तेव्हा ह्या लोकांनी तुला थिएटरात उभं केलं असतं? मी केलं!"

खरं आहे. तेच तर जास्त घाण वाटतं. उपकार केले ते असे अंगावर फेकायला?

म्हटलं, "सर, तुम्ही केलंत. म्हणून तुमच्याकडे आधी आले. नाहीतर सरळ वर्तमानपत्रात गेले असते."

दार आपटून बाहेर गेले. मी त्यांच्या केबिनमध्ये, ते बाहेर!


२८ नोव्हेंबर

समिती भेटली. चहा, बिस्किटं. "बघू, विचार करू." मेहुण्यांनी शेवटी विचारलं, तुमचं लग्न झालंय का?


६ डिसेंबर

सकाळी आईला घेऊन उद्यानात बाबासाहेबांच्या पुतळ्याला जाऊन आले. आई पांढऱ्या साडीत. वंदना म्हणताना तिचा आवाज अजून खणखणीत लागतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सगळी जवानी गेली तिची, छातीत ती धूळ भरलेली, तरी आवाज तसाच.

परत येताना म्हणाली, "महिना झाला, तुजं त्वांड उतरलंय. काय झालंय ते सांग न्हायतर माझ्याबरोबर जेवायला बसू नको."

सांगितलं सगळं. मनुबाई, विनोद, टाळ्या. बसस्टॉपच्या बाकावर बसून. आई ऐकत होती, पदर तोंडाशी धरून.

"त्या बाईला कुणीतरी विचारलं तरी," म्हणाली. "लई बरं केलंस."

मग बस आली.


९ डिसेंबर

हात अजून दुखतायत. लिहायला जमतंय तेवढं लिहिते.

दुपारी दोन केसेसच्या मधे समता सिस्टर धावत आल्या. "मॅडम, सर आतून दार उघडत नाहीत. हाका मारल्या, फोन आतच वाजतोय." डॉक्टरांच्या कपडे बदलायच्या खोलीतला संडास. वॉर्डबॉय यल्लाप्पानं खांद्यानं कडी मोडली.

सर फरशीवर. कमोड आणि भिंतीच्या मधे दुमडलेले. ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. एका पायाचा मोजा काढलेला, आणि घोट्याच्या शिरेत सुई अजून तशीच. शेजारी सिरींज.

सगळं कळलं. एका क्षणात. पण कळून घ्यायला वेळ कुठे होता?

श्वास नाही. मानेत नाडी, अगदी बारीक. पाय धरून बाहेर ओढलं. हनुवटी उचलली. तोंडात उलटी भरलेली, बोटानं काढली, ओढून घ्यायचं यंत्र येईपर्यंत पदरानं पुसली — पदर नव्हता, थिएटरचा सदरा होता, काय लिहितेय मी! मास्क लावला, फुगा दाबायला घेतला. छाती वर येतेय. येतेय. मग नाडी गेली.

मी छातीवर चढले. सिस्टरांकडे फुगा दिला. दाबत राहिले. बरगडी कडकन वाजली, ती मोडणारच, तरी थांबायचं नसतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ओरडून सांगितलं, नॅलॉक्सोन आणा. अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा. हाताला शीर बघायला बाही वर केली, तर सगळ्या शिरा सुतळीसारख्या कडक, काळ्या. एक जागा नव्हती. मांडीतच दिलं.

त्यांच्या अंगाला घाण झालेली. वास. माझ्या गुडघ्यांना ते सगळं लागलेलं. आणि दाबताना मनात काय यावं? मनुबाईला ह्यांनी त्या सिरींजमधलंच औषध द्यायचं होतं. तिचं ह्यांच्या पायात गेलं. प्रत्येक दाबाला हेच. तिचं. तिचं. तिचं.

सोडून द्यावं असं नाही वाटलं. लिहून ठेवते, एकदाही नाही वाटलं. किळस वाटत होती आणि हात चालू होते.

नाडी आली. मग एक श्वास, घरघरत. मग दुसरा. डोळे उघडले. मला बघितलं. पहिलं वाक्य —

"तू कशाला आलीस?"

आणि एक शिवी.


१० डिसेंबर

हार्ट अटॅक!

नोटीस बोर्डवर लागलंय. आपले लाडके डॉक्टर नागेंद्र यांना हृदयविकाराचा झटका, प्रकृती स्थिर. खाली गुच्छ. सूरज म्हणतो, "टीमनं काय वाचवलं सरांना! पुतळ्यावरची प्रॅक्टिस कामाला आली." हा कुठं होता तेव्हा? कॅन्टीनमध्ये!

चेअरमनसाहेबांनी बोलावलं. सरळ सांगितलं त्यांना. सर स्वतः औषध टोचून घेत होते. पेशंटचं औषध काढून. ज्यांना ज्यांना त्यांनी भूल दिली त्या सगळ्यांना बोलावून विचारायला हवं, खरं सांगायला हवं.

"विधानसभेचं अधिवेशन चालू आहे शहरात," म्हणाले. "निम्मं मंत्रिमंडळ इथं मुक्कामाला आहे. परवा आरोग्य खात्याचे लोक आपल्याकडे येतायत. ते होऊ दे. मग शांतपणे बघू."

"आणि सर परत थिएटरात आले तर?"

"डॉक्टर, तुमच्यासारख्या मुलींना आपण पुढं आणतोय. विभागप्रमुखाची खुर्ची मोकळी होईल कदाचित. विचार करा."

तुमच्यासारख्या. त्या शब्दात काय काय भरलेलं असतं ते मला पहिलीपासून ठाऊक आहे.

आणि खुर्ची! त्या फरशीवरची घाण अजून माझ्या नखात आहे, आणि हे मला खुर्ची दाखवतात.


११ डिसेंबर

कुणाला सांगू नका म्हणत सरांच्या बायकोनं माझे पाय धरले. जिन्यात, सगळ्यांसमोर. मी उठवलं तिला. शब्द मात्र दिला नाही.


१३ डिसेंबर

आज सर बोलले.

मी तपासायला गेले नव्हते. त्यांनीच बोलावलं. खोलीत दोघंच. आधी तेच — ताण होता, पाठीची चकती सरकलेली, एकदाच घेतलं. मी म्हटलं, सर, तुमच्या शिरा मी बघितल्यात.

मग खिडकीकडे तोंड करून सांगायला लागले.

पाठ दुखायची म्हणून वेदनेचं औषध. आधी उरलेलं, फेकायचं असलेलं. मग उरत नाही म्हणून पेशंटचं. मग त्याशिवाय हात थरथरायला लागला, आणि ह्या उन्हाळ्यापासून झोपेचंही. "अभ्यासात सिरींज मीच भरायचो ना. दुसऱ्याला कळू नये असा नियमच होता. नवं औषध पाण्यासारखं असतं. अर्धं काढून सलाईन भरलं तर कोण ओळखणार?"

"मनुबाईला?"

त्यांनी पांघरूण सारखं केलं.

"सर, तुम्ही डोक्यापाशी उभे होता. तुम्हाला दिसलं असेल."

"दिसत होतं," म्हणाले. "नाडी पळत होती. डोळ्यांतनं पाणी येत होतं. सूरज बोलला तेव्हा जास्तच आलं."

"मग?"

"माझ्याकडे दुसरं औषध उरलं नव्हतं गं. नाडी उतरवायचं इंजेक्शन दिलं. मॉनिटर शांत झाला."



बाई जागी होती, रडत होती, हे दिसत होतं. आणि ह्या माणसानं काय केलं? तिचं रडणं दिसू नये अशी व्यवस्था केली! डोळ्यांवर पट्टीही चिकटवली असेल. आम्ही सगळेच चिकटवतो.

"तिच्याशिवाय कितीजण?"

"माहीत नाही. बाकी कुणी बोललं नाही, एवढंच."

मग म्हणाले, "तू सांग सगळं. मी नाही म्हणणार नाही. मला स्वतःला सांगायला जमत नाहीये, पारमिता." आणि रडले. नाक गळत होतं, पुसलंही नाही.

दया यायला हवी होती. आजारी माणूस आहे, व्यसन हा आजारच, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. आली नाही. टेबलावरचा रुमाल पुढे केला आणि बाहेर आले.


१४ डिसेंबर

सुट्टी टाकली. कणकुंबीची बस पकडली. मनुबाईचं घर जंगलाला लागून. दारात ती बसलेली, भिंतीला टेकून. गुंडू म्हणाला, अशीच असती रातभर. आडवी व्हईत न्हाय. अंगावर चादर टाकू देत न्हाय. "बाहेरचं लागलंय म्हणत्यात. दोन ठिकाणी दाखवलं. कोंबडं दिलं."

ओसरीवर बसून सांगितलं, त्याच्यासमोरच. जे झालं ते सगळं. औषध डॉक्टरांनी स्वतः घेतलं. तुम्ही जाग्या होता. तुम्ही ऐकलं ते खरंच बोलले होते. त्यांना दिसतही होतं. तुमचं काही चुकलं नाही. हॉस्पिटलच्या वतीनं कुणी माफी मागणार नाही इतक्यात, पण मी मागते.

ती भिंतीपासून सरकून पुढे आली. "म्हंजे खरं हुतं?"

"खरं होतं."

"म्हंजे मी खुळी न्हाय."

"नाही."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "म्या तुला गप म्हणलं," पुटपुटला. "एवढ्यांदा म्हणलीस, आन् म्या गपच म्हणलं."

मग ती रडली. हुंदके देऊन, मोठ्यानं, तोंड उघडून. शेजारची बाई डोकावली. मनुबाईनं हातानं तिला बोलावलं, "ये गं, ये, तू बी ऐक! मला बाहेरचं न्हाय!"

निघताना म्हणाली, "कुटं सांगायचं ती जागा सांगा. मी येते. त्यो हसणारा बी असंल न्हवं तितं? त्येला बघू दे माझं पोट."


१५ डिसेंबर

तक्रार गेली. मेडिकल कौन्सिलला आणि पोलिसांना, दोन्हीकडे. सरांनी सही केली. समता सिस्टरांनीही. चेअरमनसाहेबांचा फोन वाजतोय, वाजू दे. महिन्याभरानं पहिल्यांदा पोटभर जेवले.


१६ डिसेंबर

"ह्या उन्हाळ्यापासून," सर म्हणाले होते. जूनमध्ये आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल सरांनी दिली. घरच्या माणसाला आपण देऊ नये म्हणून मीच त्यांना गळ घातली होती. आई अभ्यासात नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. तीन दिवस हे डोक्यात आहे आणि मी मनुबाईकडे गेले, पोलिसांकडे गेले, आईसमोर बसले नाही.

आज बसले. ती लसूण सोलत होती.

"आई, ऑपरेशनच्या वेळी..."

हात थांबले नाहीत तिचे. "व्हय," म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुजा साहेब हुता त्यो. आन् आत तुजंच चाललं हुतं. पोरगी लई हुशार हाय, म्हणत हुता. तेवढंच ऐकत पडले."